दहा कोसांचा दौरा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. व्याख्याता म्हणजे विद्वान, ही समजूत तेव्हापासूनची आहे. आपल्या चिटणिसांनी ती आज मोडली. आमचे शाळेतले शिक्षण मुरबाड तालुक्यात आठवीपर्यंत झाले. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकाबाहेर, एस.टी.च्या थांब्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. वीटभट्टीवरचे मजूर, कारखान्यातले कंत्राटी कामगार, यांच्या पगाराच्या आणि हजेरीच्या गोष्टी आम्ही तास तास सांगू शकतो. पण चिटणिसांनी विषय दिला तो संगीताचा. परदेशातील विद्यार्थी आपला बँड घेऊन देशोदेशी दौऱ्यावर जातात, आणि अशा फिरतीतून बँडसाठी नवी रचना जन्माला येते. यावर बोला, म्हणाले.

आम्ही विचारले, "यात आमचे काय काम?" ते म्हणाले, "तुम्ही लहानपणी बँडमध्ये होता ना?"

होतो, हे खरे. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला आणि ते गावी परत आले ते कायमचेच. घरात खाणारी तोंडे सहा. मामांचा लग्नाचा बँड होता. त्यांनी आम्हास डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीत चालण्याचे काम दिले. वाद्य हाती कधीच आले नाही. पण बत्तीवाल्याला जे दिसते ते नवरदेवालाही दिसत नाही. नाचणाऱ्यांना गाणे ऐकू येते. बत्तीवाला वाजविणाऱ्याच्या शेजारून चालतो, म्हणून त्याला त्याचा दम ऐकू येतो. क्लॅरिनेटवाल्याचे फुगलेले गाल, ट्रम्पेटवाल्याचे सुजलेले ओठ, युफोनियमवाल्याच्या खांद्यावर पट्ट्याने पडलेला वळ, हे आम्ही बत्तीच्या उजेडात पाहिले आहे. आज जे बोलणार आहोत ते त्या उजेडातले आहे, असे समजून ऐकून घ्यावे.

बँड म्हणजे फुंकवाद्यांचा ताफा. सतारीला तार लागते, तबल्याला कातडे लागते. बँडला माणसाचा श्वास लागतो. हा प्रकार आपल्याकडे इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला, मग संस्थानिकांच्या दरबारी गेला, आणि तेथून लग्नाच्या मांडवात उतरला. पुण्याच्या गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात आणि दरबार हे बँड ज्यांनी ऐकले असतील, त्यांना या वाद्यांची ताकद सांगावयास नको.

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या बँडचे वर्ष कसे असते तेही सांगतो. तुळशीचे लग्न लागले की काम सुरू होते. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिला लोटणाऱ्या गर्दीत चार पैसे सुटतात. वैशाखात एका दिवसात तीन तीन वराती. मृगाचा पाऊस पडला की वाद्ये पेटीत आणि वादक भाताच्या चिखलात. मध्ये गणपतीचे दहा दिवस, आणि मग पुन्हा तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामे. यांतला एकही माणूस कोणाच्या हजेरीपत्रकावर नाही. बिदागी ठरते ती बँडची. वादकाच्या वाट्याला काय येते ते मालकाला आणि देवाला ठाऊक. आता बेंजो पार्टी आणि डीजे आल्यापासून तीही कमी झाली आहे. आमच्या मामांच्या बँडमध्ये एके काळी बावीस माणसे होती. आज मामेभाऊ तो चालवितात, सारी पंचक्रोशी त्यांना मास्तर म्हणते, आणि त्यांच्याजवळ अकरा माणसे उरली आहेत.

आता दौऱ्याकडे वळू.

१९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा बँड पंधरा आठवडे सोव्हिएत रशियात आणि पश्चिम आशियात वाजवीत फिरला. त्या काळी या दोन देशांत बोलणे मुश्किलीने होत असे. पण पोरांनी वाजविले आणि लोकांनी ऐकले. ज्या सरकारला आपला मुत्सद्दी पाठविणे जड जाते ते आपला बँड पाठविते, यात शहाणपण आहे. आमच्या चळवळीतही जेथे भाषणाला बंदी होती तेथे शाहिराला पुढे केलेले आम्ही ऐकले आहे.

पण दौऱ्यावर गेलेला माणूस केवळ वाजवून परत येत नाही. तो ऐकूनही येतो. जॉन बार्न्स चान्स नावाचा एक तरुण अमेरिकन संगीतकार १९५८-५९ च्या सुमारास सेऊल येथे अमेरिकन सैन्याच्या बँडमध्ये नोकरीस होता. तेथे त्याच्या कानावर 'आरिरांग' हे गाणे पडले. कोरियात ते घराघरांत गायिले जाते. आपल्याकडे जात्यावरची ओवी जशी कोणा एकाची नाही, तसेच तेही कोणा एकाचे नाही. घरी गेल्यावर त्याने त्या चालीवर बँडसाठी एक रचना बांधली. १९६५ ची ती रचना पुढे देशोदेशीच्या विद्यार्थी-बँडांनी वाजविली. शिपाई म्हणून गेलेला माणूस गाणे घेऊन परत आला. सैन्याच्या फेऱ्यांतून असे नेहमी घडले असते तर जगाचे फार बरे झाले असते!

दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. ड्यूक एलिंग्टन हा निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या समाजातला थोर संगीतकार १९६३ साली आपला ताफा घेऊन आपल्या देशात आला. मुंबईतही त्याने वाजविले. त्या दौऱ्यावर त्याने आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने मिळून 'फार ईस्ट स्वीट' ही रचना केली. ती ध्वनिमुद्रित झाली डिसेंबर १९६६ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. ऐकलेले मुरावयास तेवढा काळ लागला. तिचा एक भाग दिल्लीच्या मैनेवर आहे. हॉटेलच्या खोलीत स्ट्रेहॉर्नच्या कानी एक मैना गात असे. तिची लकेर त्यांनी क्लॅरिनेटच्या तोंडी घातली. मैना कामगार संघटनेची सभासद नव्हती, त्यामुळे तिच्या मानधनाचा प्रश्न निघाला नाही.

आपण हसलात, बरे वाटले. पण आमचा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्याने गाणे दिले तो मैना नसून माणूस असेल तर? दौरा करणारा परत जातो, रचना होते, टाळ्या पडतात, रचनाकाराचे नाव कागदावर छापले जाते. ज्याच्या तोंडून ते ऐकले तो कोठे जातो?

या प्रश्नाचे चांगले उत्तर देणारा एक माणूस आम्हास पुस्तकांत भेटला. त्याचे नाव पर्सी ग्रेंजर. जन्म ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा, १८८२ चा. पियानो वाजविण्यात पट्टीचा. हा १९०५ आणि १९०६ साली इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात खेडोपाडी फिरला. १९०६ साली सोबत मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरणारे यंत्र होते. म्हातारे शेतमजूर, कारागीर, गरिबांच्या आश्रयघरात दिवस काढणारे अनाथ वृद्ध, यांची गाणी त्याने त्या नळकांड्यांवर घेतली. त्यांत सत्तरी ओलांडलेले जोसेफ टेलर होते, आणि चुन्याच्या भट्टीवर राबलेले जॉर्ज गोल्डथॉर्प होते. चुन्याची भट्टी म्हटल्यावर आमचे कान टवकारले, कारण भट्टीवरच्या माणसाला गळा असतो हे आम्ही पाहिले आहे. पण ते कोणी लिहून ठेवलेले प्रथमच वाचले.

ही गाणी कशाची? टेलर यांनी गायिलेले एक गाणे जमीनदाराच्या राखीव रानात शिकार करणारे गरीब आणि रानाचे राखणदार यांच्या झटापटीचे आहे. ती झटापट १८५१ साली खरोखरच झाली होती. गोल्डथॉर्प यांचे गाणे एका शेतवाडीवर कामावरच्या माणसांत झालेल्या मारामारीचे आहे. शहापूरच्या रानात मोळीसाठी अडविल्या गेलेल्या बाईला यातले पहिले गाणे समजावून सांगावे लागणार नाही, आणि वीटभट्टीवरच्या मजुराला दुसरे.

सुमारे तीस वर्षांनी, १९३७ साली, ग्रेंजरने यांतली सहा गाणी घेऊन फुंकवाद्यांच्या बँडसाठी 'लिंकनशायर पोझी' ही रचना केली. 'पोझी' म्हणजे रानफुलांचा लहानसा गुच्छ. पहिल्या प्रयोगाची कथा आम्हास विशेष आवडते. तो मार्च १९३७ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात झाला, आणि वाजविणाऱ्यांत तेथल्या ब्लाट्झ आणि पॅब्स्ट या बिअरच्या कारखान्यांतील कामगार-बँडांचे लोक होते. चुन्याच्या भट्टीवाल्याचे गाणे, बिअरच्या भट्टीवाल्यांचा बँड! रचना अवघड होती. त्या दिवशी ती पुरी वाजविताच आली नाही, काही भाग वगळावे लागले. अवघड का? तर त्या म्हाताऱ्यांनी गाताना जेथे दम घेतला, जेथे स्वर लांबविला, जेथे ताल सोडला, ते सारे ग्रेंजरने जसेच्या तसे कागदावर उतरविले होते. त्याने चाल तर घेतलीच, पण माणूस सोडला नाही. ही प्रत्येक चीज म्हणजे त्या त्या गायकाचे चित्र आहे, असे त्याने लिहून ठेवले, आणि रचना त्या वृद्ध गायकांना अर्पण केली. म्हणूनच आज शंभराहून अधिक वर्षांनी ठाणे जिल्ह्यातला एक मनुष्य आपल्यापुढे गोल्डथॉर्प यांचे नाव घेऊ शकतो. चुन्याच्या भट्टीवरच्या किती माणसांची नावे अशी उरली असतील?

आपल्याकडे बँडसाठी आपली अशी रचना आहे की नाही? आहे. नागपूरच्या प्राध्यापिका तनुजा नाफडे यांनी महार रेजिमेंटच्या गौरवगीतावर बांधलेली 'शंखनाद' ही धून २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात वाजली. पलटणीच्या बँडने इंग्रजांच्या चालींवर पावले टाकावयाची, ही सवय मोडण्याचे काम एका मराठी बाईने केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दिल्ली झाली, सेऊल झाले, लिंकनशायर झाले. आता आम्ही आपल्याला घरी घेऊन जातो, आणि घरी गेल्यावर आमची स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच हे व्याख्यान आम्ही पत्करले.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. डहाणू, जव्हार, मोखाडा, तलासरी हे तालुके तिकडे गेले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. तारपा म्हटले की लोक जव्हार-डहाणूकडे बोट दाखवितात, आणि ते योग्यही आहे. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांनी तारप्याचा फेर जगभर नेला. पण सूर जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. शहापूर तालुक्यात वैतरणेच्या अंगाला वारल्यांचे पाडे आहेत, आणि भात पिवळे पडू लागले की तेथेही तारपा घुमतो.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवून पोखरलेला लांबट दुध्या भोपळा ही तारप्याची हवेची पेटी. तिच्या वरच्या टोकाशी भोक, तेथे तोंड लावावयाचे. खालच्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या, त्यांत जिभल्या आणि वर बोटांसाठी भोके. सांधे मेणाने बुजविलेले. आणि शेवटी ताडाच्या पानांचा विणलेला मोठा कर्णा. लोखंडाचा तुकडा नाही, कारखान्याची वस्तू नाही. वाजविणारा गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मध्ये वाजवीत हळूहळू फिरतो आणि बायका-पुरुष हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरतात. एक नियम असा की नाचणाऱ्याने तारप्याकडे पाठ करावयाची नाही.

मास्तरांच्या बँडपासून तो पाडा दहा कोसांवर आहे. दोघेही फुंकीचे कारागीर. दोघांचाही धंदा श्वासावर. पण पन्नास वर्षांत बँडने तारप्याची एकही चाल वाजविली नव्हती. सिनेमात आलेले गाणे आठ दिवसांत वाजू लागते. दहा कोसांवरचे गाणे पन्नास वर्षांत पोहोचत नाही. आम्हास हे खुपत होते. म्हणून २०२३ सालच्या कामगार दिनाच्या मिरवणुकीसाठी आम्ही एक बेत केला. आदल्या दिवाळीत संघटनेच्या एका पोराने त्या पाड्यावर तारप्याचा आवाज मोबाईलवर घेतला होता. तो मास्तरांना ऐकविला आणि म्हटले, यावर बँडसाठी एक चीज बांधा. १ मे ला आपल्या माणसांचा सूर आपल्या मिरवणुकीत वाजू दे.

मास्तर चार रात्री बसले. पहिली अडचण पट्टीची. तारप्याची भोके करणाऱ्याच्या बोटांच्या मापाने पडतात; दोन तारपे एका पट्टीत नसतात, मग ते ट्रम्पेटच्या पट्टीत कोठून येणार? दुसरी अडचण आवर्तनाची. चाल फिरून येते असे वाटते, पण दर फेरीत थोडी निराळी येते. मास्तरांनी ती घासूनपुसून आठ मात्रांत बसविली. तिसरी अडचण श्वासाची. तारपा थांबत नाही आणि बँडवाल्याला तर दम घ्यावाच लागतो. येथे आमच्या वडिलांची गिरणी उपयोगी पडली. आम्ही म्हटले, "साचा चोवीस तास चालतो तो एका माणसावर नव्हे, पाळ्या लावा." अकरापैकी फुंकणारे सात, त्यांच्या दोन पाळ्या केल्या. एका पाळीने दम घ्यावा, दुसरीने सूर धरावा. हे छान जमले. आम्ही फुशारलो.

मिरवणुकीच्या चार दिवस आधी आम्ही त्या पाड्यावर गेलो. विचारावयास नव्हे, आमंत्रण देण्यास. ज्या बाबांचा तारपा मोबाईलवर होता ते ओट्यावर बसून दोर वळत होते. आम्ही मोठ्या हौसेने त्यांना बँडचा सराव ऐकविला. त्यांनी मान खाली घालून सारे ऐकले. मग म्हणाले, "भाऊ, ही चाल नव्या भाताची हाय. कणसरीची. आता शिवारात भात कुठं हाय?"

आम्ही गप्प. ते पुढे म्हणाले, "आन तुमी मला इचारलं कवा?"

मंडळी, तीस वर्षे आम्ही मालकांना हाच प्रश्न विचारीत आलो आहोत. कामाचे तास वाढविले, कामगारांना विचारले कधी? पाळी बदलली, विचारले कधी? त्या ओट्यावर आमची जागा बदलली होती. ज्याचा श्वास त्याला न विचारता आम्ही त्याचे काम उचलले होते, दुसऱ्याकडून घासूनपुसून घेतले होते, आपल्या सोयीच्या तारखेला बसविले होते, आणि वर त्यालाच टाळ्या वाजविण्यास बोलावण्याकरिता गेलो होतो. हेतू चांगला होता, असे मनात आले. पण हेतू चांगला होता असे म्हणणारे मालकही आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

परतताना तानशाच्या रानावरून आलो. १८९२ साली बांधलेल्या तानसा धरणाचे पाणी तेव्हापासून मुंबईला जाते. वैतरणेचे जाते, भातसाचे जाते. धरणाच्या काठचे पाडे चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. या गोष्टीवर आम्ही किती भाषणे केली असतील! आणि स्वतः काय केले? सुराला नळ जोडून मोकळे झालो.

मिरवणूक नेहमीच्या गाण्यांवर निघाली. ती चीज वाजली नाही. मास्तर आमच्यावर आठ दिवस रागावून होते. त्यांच्या चार रात्री फुकट गेल्या होत्या, आणि त्यांचाही राग खोटा नव्हता.

आम्ही पुस्तके उघडून बसलो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. परंपरेने आलेल्या चालीचा कोणी एक कर्ता नसतो, म्हणून ती उचलण्यास कायदा आडवा येत नाही. पण १९९४ च्या दुरुस्तीने वाजविणाऱ्याला स्वतःच्या वादनावर हक्क दिला: त्याच्या संमतीवाचून त्याचे वादन ध्वनिमुद्रित करून वापरावयाचे नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, वादनाबरोबर वादकाचे नाव यावे, हा हक्कही मान्य केला. म्हणजे चाल साऱ्या पाड्याची असेल. पण त्या दिवाळीच्या रात्रीचा तो श्वास बाबांचा होता. कायदा हे म्हणतो. ओट्यावरच्या बाबांनी तो न वाचता सांगितला होता.

भाद्रपदात गणपती बोळवून झाल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मास्तरांना घेऊन गेलो, आणि रिकाम्या हाताने, म्हणजे मोबाईल खिशात ठेवून गेलो. संघटनेच्या सभेत घालावा तसा प्रश्न पाड्याच्या बैठकीत घातला. दोन तास चर्चा झाली. शेवटी जे ठरले ते असे. चाल वाजवावयास हरकत नाही, पण भात कापणीला आल्यावर. पहिला सूर तारप्याचा. बँडने मागून यावयाचे. तारपेवाल्यांना मास्तरांइतकीच बिदागी. आणि जेथे मास्तरांचे नाव सांगितले जाईल तेथे बाबांचे आणि पाड्याचे नाव आधी. आम्ही आजवर पुष्कळ करार केले, काहींची कलमे चाळीस चाळीस होती; पण चार कलमांत इतका न्याय बसलेला करार दुसरा पाहिला नाही.

आणि मौज अशी की भात पिकते ते दिवस बँडचे रिकामे असतात. गणपती संपलेले, तुळशीचे लग्न लागावयाचे. वैशाखात आम्ही मास्तरांची माणसे ओढून आणणार होतो, त्यांच्या तीन वराती बुडवून. बाबांनी सांगितलेला काळ बाबांच्या देवतेलाही योग्य आणि बँडवाल्यांच्या पोटालाही योग्य निघाला.

मास्तरांनी चीज नव्याने बांधली. या वेळी बांधली म्हणण्यापेक्षा सोडविली. आठ मात्रांचा चौकोन काढून टाकला. बाबा फेरी बदलतील तशी बँडने बदलावयाची. सरावाला बाबा आले, तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बँड मिरवणुकीत रांगेने चालतो. पुढच्याची पाठ मागच्याला. बाबा म्हणाले, तारप्याकडे पाठ चालणार नाही. मग अकरा बँडवाले गोल उभे राहिले, बाबा मध्ये. बत्तीवाल्याच्या जागेवरून आम्ही बँड वर्षानुवर्षे पाहिला; पण सगळ्या वादकांची तोंडे एकमेकांकडे आहेत असा बँड आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिला. क्लॅरिनेटवाला नंतर म्हणाला, "तीस वर्षं ह्याच्या मागं उभा राहून वाजवतोय, पण हा कसा वाजवतो ते आज दिसलं."

ती चीज त्याच वर्षी आश्विनात पाड्याच्या खळ्यावर वाजली. चांगली वाजली का? खरे सांगतो, निम्मी चांगली वाजली. ट्रम्पेट दोनदा घसरला. पट्टीचा प्रश्न पुरा सुटला नाही. मास्तरांनी तारप्याजवळ वाजविताना ट्रॉम्बोन आणि ढोल पुढे घेतले, कारण ट्रॉम्बोनची नळी सरकवून मधला सूर गाठता येतो, आणि बाकीची वाद्ये मागे ठेवली. मिलवॉकीच्या बिअर कारखान्यातल्या कामगारांनाही पहिल्या दिवशी सगळे जमले नव्हते, एवढाच आमचा दिलासा. पण फेर धरणाऱ्या बायका थांबल्या नाहीत. आमच्या मते परीक्षक त्याच होत्या.

आता या साऱ्यातून आम्हास काय म्हणावयाचे आहे ते सांगून संपवितो.

परदेशचा दौरा वाईट असे आम्ही म्हणत नाही. मिशिगनची पोरे रशियाला गेली तशी आपली पोरेही जावोत. विमानाने जावोत, मोठ्या सभागृहांत वाजवोत. पण प्रवासातून रचना निघते ती अंतरामुळे नव्हे. चान्सला सेऊलमध्ये कान उघडे ठेवावे लागले, ग्रेंजरला खेड्यात म्हाताऱ्याच्या शेजारी बसावे लागले. बसणे हाच खरा दौरा. आणि बसणारा विचारून बसला आहे की नाही, यावरून तो पाहुणा आहे की उचल्या, हे ठरते. आम्ही एकदा दुसऱ्या प्रकारचे झालो होतो. म्हणून हे अधिकाराने सांगतो.

या सभागृहात शाळांतले शिक्षक आहेत. आपल्या शाळेचे बँडपथक असेल, १५ ऑगस्टला ते वाजवीतही असेल. त्या पोरांना एकदा शहापूरला घेऊन या, मुरबाडला घेऊन या. एस.टी.ने या. वाद्ये आणू नका. पहिल्या खेपेस नुसते कान आणा. भात पिकल्यावर या. पाड्यावर कोणाला विचारावयाचे ते आम्ही सांगू. त्या पोरांपैकी एखादा दहा वर्षांनी, वीस वर्षांनी त्यातून काही बांधील. त्याला घाई करू नका. एलिंग्टनलाही तीन वर्षे लागली.

आणि ज्यांच्या घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे, त्यांना एक विनंती. बँड ठरविताना गाण्यांची यादी देता, बिदागीची घासाघीस करता. एकदा वाजविणाऱ्यांची नावेही विचारा. वरात दारात आली की त्यांना आधी पाणी द्या. त्यांचा श्वास तुम्ही भाड्याने घेतलेला असतो, एवढे ध्यानात असू द्या.

बाबांची प्रकृती यंदा बरी नाही. दम पुरत नाही. पण गेल्या दिवाळीत त्यांचा नातू आणि मास्तरांचा मुलगा असे दोघे त्यांच्याजवळ बसून गालांत हवा धरण्यास शिकत होते. मास्तरांच्या मुलाला अजून साधत नाही. नाकाने श्वास घेतला की तोंडचा सूर तुटतो, आणि बाबा हसतात. येत्या आश्विनात पुन्हा खळ्यावर जमण्याचे ठरले आहे. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. बाबांना विचारून आम्ही हे आमंत्रण देत आहोत.